न खेळलेल्या रिसीव्हरवरून फॅन एवढे का भांडतात? एका बफलोकराचं उत्तर

तुमचा प्रश्न असा आहे की एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये, एखाद्या टीमनं ड्राफ्टमधून नवीन रिसीव्हर, म्हणजे बॉल पकडणारा खेळाडू, घेतला की फॅन लोक महिनोन्महिने का भांडत बसतात, त्या पोरानं तर अजून एक मॅचसुद्धा खेळलेली नसते, आणि हा ड्राफ्ट म्हणजे आपल्या आयपीएलच्या ऑक्शनसारखाच प्रकार आहे का. दुसऱ्याचं आधी सांगतो, ते सोपं आहे.

नाही, ऑक्शन नाही. बोली लागतच नाही. ३२ टीम, सात राउंड, कॉलेजमधून येणारी पोरं, आणि क्रम उलटा, म्हणजे मागच्या सीझनला जी सगळ्यात वाईट खेळली ती पहिली निवडणार आणि सुपर बोल, म्हणजे फायनल, जिंकणारी पहिल्या राउंडमध्ये सगळ्यात शेवटी, ३२व्या नंबरला. पोराला कुठली टीम आवडते ते कोणी विचारत नाही. पगारसुद्धा कितव्या नंबरावर निवडला त्यावरून जवळजवळ ठरलेलाच असतो, चार वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट, पहिल्या राउंडवाल्याला टीमच्या मर्जीनं पाचवं वर्ष जोडता येतं. आणि खरी मेख अशी की हा निवडायचा नंबर, ज्याला पिक म्हणतात, तो अदलाबदल करता येतो. तुमचा २८वा आम्हाला द्या, आमचा ३२वा घ्या, वर अजून एक खालच्या राउंडचा घ्या. निम्मी भांडणं ह्या अदलाबदलीतून निघतात.

आता पहिला प्रश्न. मी मूळचा कोल्हापूरचा, शिवाजी पेठेत वाढलेला, २०१३ साली एमएस करायला अमेरिकेत बफलोला आलो आणि इथंच राहिलो. आमच्याकडं फुटबॉल म्हणजे शाहू स्टेडियम, तालमीतालमींच्या मॅचेस, पाटाकडीलनं कोण घेतला आणि दिलबहारनं कोण सोडला ह्यावर चहाच्या गाड्यावर तास तास चर्चा. त्यामुळं इथं आल्यावर नवीन पोरावरून भांडणारी माणसं बघून मला काही वेगळं वाटलं नाही, वेगळा वाटला तो बॉल. लांबट, हातात धरून पळायचा, आणि तरी नाव फुटबॉल. पहिले सहा महिने मी पण तुमच्यासारखाच विचारायचो की ह्यात पाय कुठं लावतात.

मला हा खेळ शिकवला तो आमच्या शेजारच्या आजोबांनी. सत्तरी ओलांडलेले, तरुणपणी लॅकवॉनाच्या स्टील प्लांटमध्ये कामाला होते, तो ८३ साली बहुतेक बंद झाला, नंतर मिळेल ते काम केलं. गॅरेजमध्ये एक जुना सोफा, एक टीव्ही, एक फ्रिज, भिंतीवर इथल्या टीमचे, बफलो बिल्सचे झेंडे. ड्राफ्टच्या रात्री मी चिकन विंग्ज घेऊन जायचं, बरोबर ब्लू चीजचा सॉस, हा आमचा करार. एकदा मी चुकून रँच नावाचा दुसरा सॉस आणला होता तर त्यांनी ती वाटी उचलून बाहेर पायरीवर नेऊन ठेवली, मला एक शब्द बोलले नाहीत.

बिल्सच्या फॅनची नस कळल्याशिवाय रिसीव्हरचं भांडण कळणार नाही, म्हणून थोडा इतिहास. १९९१ ते १९९४ सलग चार वर्षं ही टीम सुपर बोलला गेली आणि चारही वेळा हरली. पहिल्या वेळी शेवटच्या क्षणी ४७ यार्डांची किक गोलच्या खांबांच्या उजवीकडून बाहेर गेली. नंतर सलग १७ सीझन प्लेऑफचं तोंड बघितलं नाही. आणि मग २०१७ चा ड्राफ्ट. बिल्सकडं १०वा पिक होता, तो त्यांनी कॅन्सस सिटी चीफ्सना दिला आणि खाली सरकले. चीफ्सनी त्या १०व्या नंबरावर क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा मुख्य गडी, पॅट्रिक माहोम्स घेतला. हो, तोच. बिल्सना पुढच्या वर्षी त्यांचा क्वार्टरबॅक जॉश अ‍ॅलन मिळाला म्हणून बरं, पण जॉशला घेऊन जेव्हा जेव्हा वर चढायची वेळ आली तेव्हा तेव्हा समोर चीफ्स उभे. जानेवारी २०२२ मध्ये तर १३ सेकंद राहिले होते आणि आम्ही पुढं होतो. फक्त तेरा सेकंद. त्यात माहोम्सनं ४४ यार्ड काढले, किक मारून बरोबरी केली आणि ओव्हरटाइममध्ये ४२-३६ नं मॅच नेली. आजही बफलोत कुणाला नुसतं 'तेरा' म्हणून बघा.

हे डोक्यात ठेवा आणि आता एप्रिल २०२४ मध्ये या. जानेवारीत परत चीफ्सकडून हरलो होतो, २७-२४, परत एक किक उजवीकडून बाहेर. एप्रिलच्या सुरुवातीला टीमनं आमच्या मुख्य रिसीव्हरला, स्टेफॉन डिग्जला, ह्यूस्टनला पाठवून दिलं. हा डिग्ज २०२० मध्ये आला आणि पहिल्याच सीझनला १२७ कॅच, १५३५ यार्ड, अख्ख्या लीगमध्ये पहिला. गेब डेव्हिस हा दुसरा रिसीव्हरपण जॅक्सनव्हिलला निघून गेला. म्हणजे हातात एवढा भारी क्वार्टरबॅक आणि बॉल फेकायचा कुणाकडं, तर घरात माणूस नाही. त्यामुळं ह्या वर्षी रिसीव्हर घेणार हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं, आणि महिनाभर आधीपासून प्रत्येकाचं आपापलं नाव ठरलेलं होतं.

गुरुवारची रात्र. २८वा पिक आमचा. आजोबा पुढं सरकून बसलेले. स्क्रीनवर खाली पट्टी आली की बिल्सनी पिक ट्रेड केला. आजोबांनी विचारलं, कुणाला? मी वाचलं आणि दोन सेकंद बोललोच नाही. कॅन्सस सिटी. चीफ्सचा ३२वा आणि तिसऱ्या राउंडमधला ९५वा आम्हाला, आमचा २८वा आणि एक चौथ्या राउंडमधला त्यांना, शेवटी एक किरकोळ अदलाबदल. आणि त्या २८व्या नंबरावर चीफ्सनी घेतला झेवियर वर्दी, जो त्याच वर्षी कम्बाइनमध्ये, म्हणजे ड्राफ्टआधीच्या चाचणीत, ४० यार्ड ४.२१ सेकंदात पळाला होता, तिथला आजवरचा रेकॉर्ड. म्हणजे आम्हालाच रिसीव्हर पाहिजे, आणि सगळ्यात पळणारा रिसीव्हर आम्ही आमच्या हातानं त्यांच्या ताटात वाढला. आजोबा उठले आणि मध्यरात्रीच्या सुमाराला कचऱ्याचा डबा ओढत रस्त्याकडेला ठेवायला गेले. शुक्रवारी कचऱ्याची गाडी येते हे खरं, पण डबा निम्मा रिकामा होता.

ते परत आले तेव्हा अजून एक ट्रेड झालेला. ३२वा पण दिला, कॅरोलायनाला, त्यांनीपण रिसीव्हरच घेतला, आणि आम्ही ३३व्या नंबरावर, म्हणजे दुसऱ्या राउंडचा पहिला पिक, म्हणजे उद्या संध्याकाळी. आजोबा म्हणाले, "म्हणजे मी आज उगाच जागलो." शिवाय एका नंबरानं घसरल्यामुळं ते पाचव्या वर्षाचं ऑप्शनही गेलं, हे मी त्यांना त्या रात्री सांगितलं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता नाव आलं, कीऑन कोलमन, फ्लोरिडा स्टेट. कोल्हापुरात तेव्हा पहाटेचे साडेचार, आईची उठायची वेळ, तिचा कॉल आला आणि मागं आजोबांचा आवाज ऐकून ती म्हणाली, "कोण गेलं रे त्यांच्यातलं?" मी म्हटलं गेलं नाही गं, आलंय.

आता इथं खेळाचं थोडं सांगायला पाहिजे नाहीतर पुढचं भांडण कळणार नाही. रिसीव्हरचं काम ऐकायला सोपं, पळायचं आणि बॉल पकडायचा. पण समोर त्याच्यावर एक डिफेंडर लावलेला असतो आणि त्याच्यापासून सुटायचं कसं हा सगळा प्रश्न. एक जात असते नुसत्या वेगानं सुटणारी, वर्दीसारखी. दुसरी जात हूल देऊन सुटणारी, खोखोमध्ये पळणारा कसा डावीकडं खांदा टाकून उजवीकडं निघतो तशी. आणि तिसरी जात सुटतच नाही. डिफेंडर अंगाला चिकटलेला असतो, बॉल वर हवेत असतो, आणि हा गडी उंच उडी मारून दुसऱ्याच्या डोक्यावरून काढून घेतो. कोलमन ह्या तिसऱ्या जातीचा म्हणून आला. सहा फूट तीन इंच, मिशिगन स्टेटला असताना बास्केटबॉलपण खेळलेला, रिबाउंड घेतल्यासारखा बॉल घ्यायचा. फ्लोरिडा स्टेटच्या एका सीझनमध्ये ११ टचडाउन, म्हणजे ११ वेळा बॉल घेऊन समोरच्यांच्या टोकाच्या पट्ट्यात पोचला. पण ४० यार्डाचा टाइम ४.६१.

म्हणजे वर्दीपेक्षा ०.४० सेकंद जास्त. हा आकडा आला आणि भांडण पेटलं. एक पार्टी म्हणणार हा पळत नाही, एनएफएलमध्ये कुणापासून सुटणारच नाही, कॉलेजची पोरं वेगळी. दुसरी पार्टी म्हणणार अहो त्याच कम्बाइनमध्ये गॉन्टलेट म्हणून ड्रिल असते, पळत पळत दोन्ही बाजूंनी येणारे बॉल पकडायचे, त्यात हा रिसीव्हरमध्ये सगळ्यात जोरात पळाला, ताशी २० मैलांच्या वर, म्हणजे बॉल हातात असताना हा पळतो, नुसतं घड्याळ लावलं की हळू होतो. तिसरी पार्टी म्हणणार बफलोत नोव्हेंबरनंतर तळ्यावरून वारा सुटतो, बर्फ पडतो, तिथं वेगाला कोण विचारतो, धिप्पाड गडीच पाहिजे. तीनही म्हणण्यांत तथ्य आहे हो. म्हणूनच ते भांडण मिटत नाही. माझं मत विचाराल तर मी तेव्हा तिसऱ्या पार्टीत होतो, आणि त्याचं कारण फक्त एवढंच की मी स्वतः जन्मात कधी जोरात पळालेलो नाही.

आजोबांनी मला विचारलं, किती सेकंद? मी म्हटलं ४.६१. त्यांनी हातातलं हाड नीट साफ केलं, वाटीत ठेवलं आणि म्हणाले, "बस चुकेल ह्याची."

पण मग त्या पोराचा पहिला इंटरव्ह्यू आला. वीस वर्षांचा पोरगा, अंगात पिवळाधमक फुगीर जॅकेट, आणि तो रिसीव्हिंगचं बोलायचं सोडून हे जॅकेट मेसीज नावाच्या दुकानातून सेलमध्ये कसं स्वस्तात मिळालं, किंमत बघून घ्यायची असते, वगैरे सांगत बसलेला. करोडपती व्हायला निघालेला मुलगा डिस्काउंट सांगतोय. बफलो हे कामगारांचं गाव आहे, कूपन कापून ठेवणाऱ्यांचं, त्या जॅकेटनं निम्मं गाव पाघळलं. आजोबांनी तो व्हिडिओ मला तीनदा दाखवला, मीच त्यांना पाठवलेला. पुढच्या महिन्यात त्यांनी त्याची जर्सी घेतली. नंबर शून्य. मी म्हटलं आमच्याकडं शून्य म्हणजे बदक, एकही रन न करता आउट, हे काही चांगलं लक्षण नाही, तर त्यांना क्रिकेट समजावता समजावता माझी संध्याकाळ गेली.

तर तुम्ही विचारलंत की न खेळलेल्या पोराबद्दल एवढं काय बोलायचं असतं. त्याच्याबद्दल फार नसतंच हो. बोलणं चालतं ते ज्यांना सोडलं त्यांच्याबद्दल. आम्ही कोलमन घेतला ३३व्या नंबरावर, ३४व्या नंबरावर चार्जर्सनी लॅड मॅकॉन्की घेतला. लगेच पुढचा. त्यानं पहिल्याच सीझनला ८२ कॅच, ११४९ यार्ड केले. कोलमनचे २९ कॅच, ५५६ यार्ड, ४ टचडाउन. आता ह्यात कोलमनचा मनगटाला मार लागून चार मॅचेस गेल्या हे कुणी मोजत नाही, मारणारा पण कोण तर जॉर्डन पॉयर, जो सात वर्षं आमच्याच टीममध्ये होता आणि त्या वर्षी मायामीकडून आला होता. (ती मॅच आम्ही टायलर बासच्या ६१ यार्डांच्या किकवर जिंकली, तोच बास ज्याची जानेवारीत ४४ यार्डांची बाहेर गेली होती. असं हे गाव आहे.) एका कॅचमागं १९ यार्ड म्हणजे जेव्हा मिळाला तेव्हा लांबच मिळाला, टेनेसीविरुद्ध तर चार कॅचमध्ये १२५ यार्ड, हेपण कुणी बोलत नाही. कॅच सुटला की आजोबा फक्त एक शब्द म्हणायचे, "मॅकॉन्की." शिवी दिल्यासारखा.

आणि वर्दी. तो तर पहिल्याच मॅचमध्ये, पहिल्यांदा बॉल हातात आला तेव्हाच टचडाउन करून मोकळा. ठीक आहे म्हटलं, लांब आहे, आपल्याला काय. मग २६ जानेवारी २०२५, कॉन्फरन्स फायनल, म्हणजे सुपर बोलच्या आधीची सेमी, परत आम्ही आणि चीफ्स. हाफ टाइमच्या आधी माहोम्सनं लांब फेकला, वर्दी आणि आमचा डिफेंडर दोघं एकदम खाली पडले, दोघांच्या हातात बॉल. अंपायर लोकांनी वर्दीला दिला. रिप्ले बघितला, तरी त्यालाच. मग चीफ्सचं टचडाउन. मॅच ३२-२९, तीन पॉइंटांनी गेली. वर्दीचे त्या दिवशी ६ कॅच, ८५ यार्ड, एक टचडाउन. आजोबा कुणावर ओरडले नाहीत, अंपायरवर नाही, कोचवर नाही. एप्रिलमधली ती पट्टी स्क्रीनवर आली होती ना, तिच्याबद्दलच बोलत राहिले, नंबरासकट. अठ्ठावीस, बत्तीस, पंच्याण्णव.

एक गोष्ट मात्र कबूल करावी लागते, फॅन लोकांना (मला धरून) ह्यातलं काही कळत नाही आणि टीमवाल्यांनाही नेहमी कळतं असं नाही. २०२४ ला आमच्या टीममध्ये सगळ्यात जास्त कॅच कुणाचे, तर खलील शकीर, ७६ कॅच, ८२१ यार्ड, आणि तो २०२२ ला पाचव्या राउंडमध्ये आलेला, त्याच्यावरून तेव्हा गॅरेजमध्ये भांडण सोडा, नावपण कुणी दोनदा वाचलं नव्हतं. रॅम्सचा पुका नाकुआ २०२३ ला पाचव्या राउंडमधला, १७७वा, त्यानं पहिल्या सीझनला १०५ कॅच आणि १४८६ यार्ड करून रूकीचे, म्हणजे पहिल्या वर्षाच्या पोरांचे, रेकॉर्ड मोडले. डिग्जला आणायला आम्ही जो २२वा पिक मिनेसोटाला दिला होता, त्याच्यावर त्यांनी जस्टिन जेफरसन घेतला. हा ट्रेड दोघांच्याही फायद्याचा झाला असं शहाणी माणसं म्हणतात. बफलोत शहाणी माणसं कमी आहेत.

मग २०२५ चा पहिला सामना, रविवारची रात्र, बाल्टिमोरशी. चौथ्या क्वार्टरमध्ये चारेक मिनिटं राहिली होती आणि आम्ही २५-४० मागं. जुन्या स्टेडियमचा शेवटचा सीझन, त्याचा पहिलाच सामना आणि लोक उठून पार्किंगकडं निघालेले टीव्हीवर दिसत होते. आजोबा पण उठले, पाठ धरली म्हणाले, घरात गेले. मी एकटा गॅरेजमध्ये, विंग्ज संपवायच्या म्हणून बसलो. जॉशनं चौथ्या डाउनला, म्हणजे शेवटच्या प्रयत्नात, फेकला, बॉल कुणाच्या तरी हाताला लागून वर उडाला, आणि मागं शून्य नंबर उभा. पकडला. टचडाउन. मी एवढ्या जोरात ओरडलो की घरातला दिवा लागला आणि आजोबा बनियनवर दारात, "कोण? कोण?" मी म्हटलं तुमचा बस चुकणारा. ती मॅच ४१-४० नं जिंकली, कोलमनचे ८ कॅच, ११२ यार्ड. त्या रात्री आजोबांनी मला सांगितलं की त्यांना पहिल्या दिवसापासून हा पोरगा आवडला होता. मी काही बोललो नाही.

त्याच सीझनमध्ये नंतर मीटिंगला उशिरा आला म्हणून त्याला बाहेर बसवलं, की गाडी परत मॅकॉन्कीवर. जर्सी खिळ्यावर गेली, मग परत अंगावर आली, आता कुठं आहे ते त्या त्या आठवड्यावर अवलंबून असतं.

आता हे भांडण किती दिवस चालतं तेही सांगतो. २०१४ ला, मी बघितलेला पहिला ड्राफ्ट, बिल्सनी ९ वरून ४ वर चढायला पुढच्या वर्षीचा पहिल्या राउंडचा पिक वर देऊन सॅमी वॉटकिन्स नावाचा रिसीव्हर घेतला. त्याच ड्राफ्टमध्ये सातव्या नंबरावर माइक एव्हान्स होता, बाराव्यावर ओडेल बेकहम, आणि दुसऱ्या राउंडमध्ये डेव्हान्टे अ‍ॅडम्स. वॉटकिन्स तीन वर्षांत गेला आणि पुढं सुपर बोल जिंकला, कुठल्या टीमकडून ते ओळखा. मागच्या रविवारी मी विंग्ज घेऊन गेलो तर आजोबा आणि त्यांचा मेहुणा गॅरेजमध्ये समोरासमोर उभे, दोघांचे चेहरे लाल, आणि विषय काय, तर वर चढायची गरज नव्हती, एव्हान्स आपल्या जागेच्या आसपासच मिळाला असता. मी विंग्जचं खोकं फ्रिजवर ठेवलं आणि ब्लू चीज शोधायला लागलो.